पट्ट्यावरची मिठाची रेघ

कापूस वेचायच्या पिशवीच्या पट्ट्यावर, कडेपासून चार मिलिमीटर आत, मिठाची एक रेघ उमटली होती. सरळ नव्हती ती. डाव्या टोकाला सात मिलिमीटर रुंद, मध्यावर जेमतेम दोन, आणि जिथे बक्कल शिवलं होतं तिथे एकदम तुटलेली. अर्पिताने फूटपट्टी बाजूला ठेवली आणि पट्टा खिडकीच्या उजेडात धरला. रेघ पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला होती. शिवण जिथे सुबक दिसते, लोकांना दिसावी म्हणून शिवणारा जिथे मन लावतो, त्या अंगाला. कमरेला टेकणारं आतलं अंग कोरं होतं. घाम आतून बाहेर झिरपला म्हणावं, तर दोन कापडांच्या मध्ये युरियाच्या पोत्याचा थर होता आणि तो थेंबभर पाणी सोडत नाही, हे तिने याच टेबलावर मुलींकडून तपासून घेतलं होतं. मग मीठ बाहेर आलं कुठून? प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू जिभेला लावू नये, असं ती दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे. तिने नखाने रेघेचा एक कण काढला आणि जिभेवर ठेवला. मीठच होतं.

पिशवीखाली एक कागद दबलेला होता. सकाळी मुख्याध्यापक सुधाकररावांनी तो स्वतः आणून दिला होता, दोन्ही हातांनी, लग्नाची पत्रिका द्यावी तसा. ‘सदर प्रतिकृती विद्यार्थिनीने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय तयार केली असल्याचे प्रमाणित करण्यात येते.’ खाली दोन रेघा. एका रेघेवर त्यांची हिरव्या शाईची सही झालेली, दुसरी मार्गदर्शक शिक्षिकेसाठी मोकळी. तीन वाजता गाडी आदिलाबादला निघणार होती, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला. आता तीनला दहा कमी होते. कागदातली प्रतिकृती कोपऱ्यातल्या बाकावर होती: हिरव्या गवताच्या गालिच्यावर एक प्लास्टिकची कुंडी, मातीत खुपसलेली दोन सळ्यांची कळ, काडेपेटीएवढी मोटार. माती सुकली की मोटार आपोआप सुरू व्हायची आणि नळीतून पाण्याचे चार थेंब पडायचे. ती हैदराबादहून खोक्यात आली होती. तळाला दुकानाची चिठ्ठी होती, ती कुणीतरी ब्लेडने खरवडली होती, पण डिंकाचा चौकोन तसाच राहिला होता आणि त्याला धूळ चिकटू लागली होती. या प्रतिकृतीमागे उभी राहून बोलायला नववीतली रूपाली निवडली होती, कारण ती घाबरत नाही. इंग्रजीत दीड पान, तेलुगूत दीड पान तिने आठ दिवसांत पाठ केलं होतं. आणि ही युरियाच्या पोत्याची पिशवीही रूपालीचीच होती.

शनिवारचे शेवटचे दोन तास वेळापत्रकात ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ म्हणून लिहिलेले असत. पोरं त्याला डीटी म्हणत. विषय नवा, पुस्तक पातळ, परीक्षा नावापुरती. म्हणून पहिली दोन वर्षं गणिताचे सर ते तास उसने नेत आणि परत करत नसत. अर्पिताने तिसऱ्या वर्षी ते भांडून परत आणले. भांडून म्हणजे, ती गणिताच्या तासाला वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसून राहिली, एक शब्द न बोलता, तीन शनिवार. चौथ्या शनिवारी सरांनी हात जोडले. मग तिने मुलांना पहिला धडा दिला तो पुस्तकात नव्हता. घरी जा, कुणाची तरी एक अडचण शोधा. तुमची नको, दुसऱ्याची. ती मोजा. किती किलो, किती तास, किती वेळा वाकावं लागतं. मग चित्र काढा, करून पाहा, ज्याची अडचण आहे त्याच्या हातात द्या आणि काय बिघडलं ते वहीत लिहा. खोडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हे मुलांना सगळ्यात अवघड गेलं. या शाळेत कच्ची वही आणि पक्की वही असे दोन धर्म होते. लंबकाचा प्रयोग करण्याआधीच पक्क्या वहीत त्याचं उत्तर लिहिलेलं असायचं, मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून उतरवलेलं, आणि ते इतकं बरोबर असायचं की लंबक हलवायची गरज उरायची नाही. ‘मॅडम, चुकलेलं दाखवलं त मार्क कमी होतीन ना?’ असं एकाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, चूक दाखवली नाही तर कमी होतील. पोरं हसली. त्यांना तो विनोद वाटला. खरं म्हणजे त्यामागचं म्हणणंही तिचं नव्हतं. ते तिला एकोणीस वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका विज्ञान प्रदर्शनाच्या मंडपात मिळालं होतं आणि तेव्हा तिला ते घेता आलं नव्हतं.

त्या मंडपात ती दहावीतली अर्पिता होती, दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा पांढरा सदरा, समोर साडेतीन फुटांची लाकडी पवनचक्की. पंखा लावला की पाती फिरत आणि खाली तीन दिवे लागत. ही पवनचक्की फकिरा मिस्त्रीने बनवली होती. बाबांचं नाव खुशाल. ते तेव्हा कचेरीत नव्याने कारकून झाले होते. त्याआधी अकरा वर्षं तिथेच चपराशी. त्यांनी मिस्त्रीला घरी आणून, पाटावर बसवून, चहा पाजून काम सांगितलं. अर्पिता रोज शाळेतून आली की अंगणात मिस्त्रीच्या समोर उकिडवी बसे. रंधा लाकडावरून जाताना साल निघायची ती तिला हवी असायची. तिचा वास, तिचा गुंडाळलेला गरमपणा. एके दिवशी मिस्त्री पाणी प्यायला उठला तेव्हा तिने कात्री घेऊन तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून एक पातं कापलं, कानशीने कड घासली, खिळा ठोकला आणि फिरवून पाहिलं. पातं डुगडुगलं, पण फिरलं. मिस्त्री परत येऊन म्हणाला, ‘पोरी, तुह्या पात्याले वारा समजते, पन त्याले सोताचं वजन नाही समजत. एक बाजू भारी आहे. घास अजून.’ तिने पुन्हा कानस उचलली, तेवढ्यात बाबा आले. त्यांनी कानस काढून घेतली. रागावले नाहीत. तिचे हात उलटे करून पाहिले, बोटाला लागलेलं रक्त धोतराने पुसलं आणि म्हणाले, ‘हातानं करायचं काम आपल्या सात पिढ्यायनं केलं. तुले काऊन करायचं? साहेब लोक कधी सोता करतात का? करून घेतात. तू डोक्यानं कर.’

बाबांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, हेच तर अवघड होतं. त्यांनी कचेरीत पाहिलं होतं, दरखास्त लिहितो एक, शिक्का मारतो दुसरा आणि सही असते तिसऱ्याची. काम सही करणाऱ्याचं म्हणवलं जातं. मुलीने सही करणाऱ्यांत जावं, एवढाच त्यांचा हिशेब होता. आणि घरात आई होती. आईचं नाव भागीरथा. लग्नाआधी आणि लग्नानंतरही नऊ हंगाम तिने लोकांच्या वावरात कापूस वेचला, कमरेला साडीची ओटी बांधून. ओटी भरत जाते तशी खाली ओढते. सहा किलो, सात किलो, आणि गाठ हाडावर रुतते. आईच्या उजव्या खुब्यावर गाठीचा एक काळपट खळगा होता, रुपयाच्या नाण्याएवढा. लहानपणी अर्पिता त्यात बोट ठेवून झोपायची. तिला वाटायचं सगळ्या आयांना तो असतोच, बेंबीसारखा. पुढे बी.एस्सी.ला बलाचा आघूर्ण शिकताना, टेकूपासून लांब लावलेलं वजन किती जास्त ओढतं याचं समीकरण फळ्यावर आलं, आणि तिला एकदम तो खळगा दिसला. उदाहरणात क्रेन होती. तिने वहीत क्रेनऐवजी एक वाकलेली बाई काढली आणि मग लाजून खोडली.

मंडपात परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, पांढरे केस, पायात रबरी चपला. सगळ्यांनी विचारलं ते त्यांनी विचारलंच नाही. पवनचक्कीचं एक पातं बोटाने थांबवून त्या हिंदीत म्हणाल्या, ‘बेटा, इसमें गलती कहाँ हुई थी?’ अर्पिताने पाठ केलेल्या पानात हा प्रश्न नव्हता. ती ताठ उभी राहून म्हणाली, ‘कोई गलती नहीं है, मॅडम.’ बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ‘खुद बनाती तो एक तो होती,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उपहासही नव्हता. वाट पाहत होत्या. तेव्हा पत्र्याचं ते डुगडुगणारं पातं अर्पिताच्या जिभेपर्यंत आलं होतं. सांगता आलं असतं, एक बाजू भारी झाली होती, मी घासत होते, मग. पण ‘मग’च्या पुढे बाबा उभे होते, नवा सदरा घालून, मंडपाच्या दोरीपलीकडे, टाचा उंचावून. ती गप्प राहिली. तिला पहिला क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र अजून घरी बाबासाहेबांच्या तसबिरीच्या डाव्या हाताला टांगलेलं आहे आणि पाहुणे आले की आई पदराने त्याची काच पुसते. पत्र्याचं पातं कुठे गेलं ते मात्र कुणालाच माहीत नाही. सणावाराला घरी गेली की अर्पिता त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसते.

‘मॅडम, येऊ का?’

रूपाली दारात होती, तेल लावून चप्प बसवलेले केस, इस्त्रीचा सदरा, दोन घट्ट वेण्या. अर्पिताची नजर वेण्यांवर थांबली. तिने पिशवी उचलली. ‘ये. एक सांग. ही तुझ्या आईने उलटी घातली होती?’

रूपालीने जीभ चावली. ‘तुमाले कोनी सांगतलं?’

‘पट्ट्यानं. मीठ बाहेरच्या बाजूला आहे. म्हणजे बाहेरची बाजू अंगाला होती.’

‘पुरा दिवस, मॅडम!’ रूपाली टेबलाशी आली, पाठ केलेलं सगळं चेहऱ्यावरून उतरलं. ‘मी शाळेत. संध्याकाळी वावरात गेली त माय उलटी पिशवी घालून वेचून राह्यली. म्या म्हनलं, काऊन वो माय, उलटी काऊन घातली? त म्हने, माहाच हात उलटा चालते बाई, तुह्या पिशवीचं काय चुकलं!’ ती हसली आणि मग हसू अर्धंच ठेवलं. ‘माय डाव्या हातानं वेचते. म्या तोंड ठेवलं उजव्या बाजूले. उलटी केली की तोंड डावीकडे येते ना.’

‘तुला माहीत नव्हतं?’

‘घरी सारं उजव्यानंच करते. भाकर उजव्यानं, वाढनं उजव्यानं. लहानपनी तिच्या आजीनं डाव्या हाताले चटके देल्ले म्हने. वावरात कोन पाहते? तिथं डावाच चालते.’ तिने मान खाली घातली. ‘मले वावरात वेचाले येऊ देत नाई ते. हात खराब होतीन म्हनते. मंग मले कसं मालूम होईन?’

अर्पिताने तिची वही उघडली. सेहेचाळिसावं पान. ‘पिशवी क्र. २. तोंड उजवीकडे’ यावर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. पुढे: ‘चूक झाली. मी मायची कंबर मोजली, खांदा मोजला, वजन मोजलं. हात कोणता ते विचारलं नाही. मायनं तक्रार केली नाही, कारण पिशवी मी केली होती. वेचणाऱ्याला विचारायचं नाही, पाहायचं.’ त्याखाली तिसऱ्या पिशवीचं चित्र: दोन्ही बाजूंना तोंड, नको ते बटणाने बंद, खांद्यावरून फुलीसारखे दोन पट्टे, वजन कमरेवरून खांद्यांवर नेणारे. आणि एक तक्ता. ओटी बांधून दिवसभरात कमरेवर हात ठेवून उभं राहणं, एकतीस वेळा. क्रमांक दोन, उलटी घालून, चौदा. क्रमांक तीन, सहा. रूपालीच्या लहान भावाने बांधावर बसून खडे मांडून मोजलं होतं. आईचं, बयनाबाईचं, म्हणणं रूपालीने जसंच्या तसं उतरवलं होतं: ‘कंबर आहे का नाई ते सांजीलोक आठवलं नाई.’

अर्पिताने ते वाक्य दोनदा वाचलं. नाण्याएवढा खळगा तिच्या बोटाच्या टोकाशी आला, गुळगुळीत, थोडा थंड. एकोणीस वर्षांत कुणी तिला पत्र्याचं पातं परत आणून दिलं नव्हतं. आज ते समोर होतं, युरियाच्या पोत्याचं, डुगडुगणारं, मिठाची रेघ असलेलं. आणि ती काय करत होती? फूटपट्टीने रेघ मोजत बसली होती, कारण रेघ मोजत असेपर्यंत कागदाकडे पाहावं लागत नव्हतं. सहा वर्षं तिने त्या कागदावर सही केली होती. पहिल्या वर्षी नवी होती म्हणून, दुसऱ्या वर्षी बाबा दवाखान्यात होते म्हणून. पुढे कारण लागेनासंच झालं. नुसतं ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं की हात चालायचा. तास परत मिळवायला ती तीन शनिवार गप्प बसू शकली होती. गप्प बसणं तिला चांगलं जमायचं. बोलणं राहून गेलं होतं.

वऱ्हांड्यातून सुधाकररावांच्या चपलांचा आवाज आला. ते वाईट गृहस्थ नव्हते. शाळेतल्या कडुनिंबांना उन्हाळ्यात स्वतः बादलीने पाणी घालत. आत आले ते पेनचं टोपण काढूनच. ‘झाली का सही, मॅडम? डायवर हॉर्न मारून राह्यला.’ मग पिशवी पाहून हसले. ‘हे अजून इथंच? मी म्हनलं ना, शिवनकामाचा विभाग आहे तिथं, लावू तिकडे. कोन नाई म्हनते? पन टेक्नॉलॉजीच्या टेबलावर पोतं ठेवलं त परीक्षक म्हनतीन, खेड्यावाल्यायनं बाजार आनला.’

‘सर, एक मिनिट,’ अर्पिता म्हणाली. ती रूपालीकडे वळली आणि कुंडीकडे बोट केलं. ‘परीक्षकांनी विचारलं, यात चूक कुठे झाली होती, तर काय सांगशील?’

रूपालीने कुंडीकडे पाहिलं, मग सुधाकररावांकडे. ‘याच्यात कुठची चूक, मॅडम? हे त तयारच आलं.’

‘अवो पोरी!’ सुधाकरराव कपाळाला हात लावून हसले. ‘असं तिथं बोलायचं नाई. तिथं म्हनायचं, चूक नाई झाली.’

‘तसंच म्हनीन सर,’ रूपाली लगेच म्हणाली. ‘पाठ आहे मले. फक्त तिथं मोटार बंद पडली त मले दुरुस्त करता येनार नाई. पिशवी फाटली त येते.’

बाहेर हॉर्न वाजला. रूपाली ताठ उभी होती, हात मागे बांधून, आणि तिच्या खांद्याच्या त्या ताठपणाकडे पाहताना अर्पिताला आपल्याच पाठीचा कणा दुखल्यासारखा वाटला. ही मुलगी जिंकेल. बोलते छान, घाबरत नाही. प्रमाणपत्र मिळेल, बयनाबाई ते घरात टांगेल आणि उजव्या हाताने त्याची काच पुसेल. आणि रूपाली त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला शिकेल. सेहेचाळिसावं पान ती एक दिवस स्वतःच फाडेल. कुणी सांगायला लागणार नाही.

‘करा ना मॅडम,’ सुधाकरराव म्हणाले. आवाज खाली आणला. ‘सहा वर्स करून राह्यल्या तुमी. आजच काऊन? एप्रिलात तुमच्या नेमनुकीची फाइल संस्थेत जाते. मी चांगलंच लिहितो दरसाल, तुमाले मालूम आहे. कागद गेला नाई त ते मले विचारतीन, मी काय सांगू?’

धमकी नव्हती. काळजीच होती, बाबांच्यासारखी, बोटाचं रक्त धोतराने पुसणारी. अर्पिताने पेन घेतलं. टोपण लावलं. कागदावर आडवं ठेवलं. वर्गात ती नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायची. आज तोंडातून आईची बोली आली आणि तिने ती येऊ दिली.

‘सर, एकोनीस वर्साआधी हैदराबादले मी पवनचक्की घेऊन उभी होती. पहिला नंबर आला. ते पवनचक्की फकिरा मिस्त्रीनं केली होती. मी नाई केली. तिथल्या बाईनं मले विचारलं होतं, मी बोलली नाई. बाबायले नाई सांगतलं, मायले नाई. आज तुमाले सांगून राह्यली, अन् या पोरीसमोर सांगून राह्यली.’

रूपालीचे मागे बांधलेले हात सुटले. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. अर्पिताने कागद उचलून सुधाकररावांच्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी, जसा त्यांनी दिला होता तसाच, आणि पिशवी रूपालीच्या खांद्यावर अडकवली, मिठाची बाजू बाहेर.

‘संस्थेले हेच सांगा. मी या कागदावर सही करत नाई. पिशवीचा कागद आना, त्याच्यावर करते.’